काठीच्या पलीकडची तीन पावले

म्हातारपणी आधार देणाऱ्या एकुलत्या एका मुलाला आपण मराठीत 'आंधळ्याची काठी' म्हणतो. कथांतून, नाटकांतून आणि घरगुती बोलण्यातून ही काठी आपल्याला पुष्कळदा भेटलेली असते. परंतु प्रत्यक्ष अंध माणसाच्या हातातली काठी किती लांब असते, ती चालणाऱ्याला काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केला असेल. आजच्या भाषणात मी त्या खऱ्याखुऱ्या काठीविषयी, आणि तिच्या मदतीला येऊ पाहणाऱ्या एका छोट्या यंत्राविषयी बोलणार आहे. अंगावर बाळगावयाचे आणि समोरच्या अडथळ्याची आगाऊ वर्दी देणारे असे हे यंत्र आहे.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. एम.ए.ची पदवी घेऊन सरकारी नोकरीत शिरलेला आणि बदलीच्या निमित्ताने बेंगळुरूस येऊन राहिलेला मी एक साधा अधिकारी आहे. परंतु या नगरीत यंत्रे घडविणाऱ्यांची वस्ती इतकी दाट आहे की, फायलींत दिवस घालविणाऱ्या माणसालाही त्यांची चाहूल लागल्याशिवाय राहत नाही. शिवाय आमच्या कार्यालयात दूरध्वनीच्या कामावर असलेले एक सहकारी जन्मांध आहेत. ते मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे आमचे बोलणे मराठीतूनच चालते. या विषयात मला जे काही कळले आहे, त्यातले बरेचसे ग्रंथांपेक्षा त्यांच्याकडूनच कळले आहे.

प्रथम काठीचा विचार करू. आज सर्व जगात अंधत्वाची खूण म्हणून ओळखली जाणारी पांढरी काठी फार प्राचीन नाही. १९२१ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जेम्स बिग्ज नावाच्या गृहस्थाने, अपघाताने दृष्टी गेल्यावर, रस्त्यावरच्या मोटारवाल्यांना आपण दिसावे म्हणून आपली काठी पांढऱ्या रंगाने रंगविली. पुढे १९३१ मध्ये गिली द'एर्बेमाँ या बाईंनी पॅरिसमध्ये पांढऱ्या काठ्यांचा रीतसर प्रसार आरंभिला. परंतु ही काठी तोवर दुसऱ्यांनी पाहावयाची खूण होती. ती अंध माणसाचे स्वतःचे इंद्रिय झाली ती १९४४ च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना शिकविताना रिचर्ड हूव्हर यांनी अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात लांब काठीची पद्धत बसविली. काठी छातीपर्यंत पोचेल एवढी लांब, वजनाला हलकी. ती पुढे धरून खांद्यांच्या रुंदीएवढ्या कमानीत डावी-उजवीकडे फिरवावयाची. आणि जे पाऊल पुढे पडावयाचे, त्याची जागा काठीच्या टोकाने आधीच तपासून ठेवावयाची. इतकी साधी ही युक्ती आहे. पण तिने लाखो माणसांना दुसऱ्याच्या खांद्यावरचा हात काढून घेण्याचे बळ दिले.

या काठीचे गुण मोठे आहेत. तिला वीज लागत नाही. ती पावसात बिघडत नाही. काही शे रुपयांत ती मिळते. जमीन मातीची की फरशीची, कोरडी की निसरडी, पायरी वर जाते की खाली, हे ती तळहाताला सांगते. तिच्या टोकाच्या टकटकीचा प्रतिध्वनी डावीकडे भिंत आहे की मोकळे फाटक आहे, हेही सांगतो. मात्र तिच्या दोन मर्यादा आहेत. एक तर तिची धाव चालणाऱ्याच्या पुढे जेमतेम एक मीटर. आणि दुसरी, जी अधिक घातक आहे, ती ही की काठी जमिनीवरचे जग सांगते. कमरेच्या वरचे जग तिला ठाऊकच नसते.

आता बेंगळुरूचा एखादा जुना रस्ता डोळ्यांपुढे आणा. या शहराला झाडांचे वेड आहे, आणि ते वेड त्याला शोभूनही दिसते. पण फुटपाथवर झुकलेली फांदी कपाळाच्या उंचीवर असते, आणि तिच्याखालून काठी सुखरूप निघून जाते. विजेच्या खांबाला दिलेला तिरपा ताण जमिनीत एका जागी रोवलेला आणि डोक्याशी दुसऱ्याच जागी असतो. रोहित्राची पेटी दोन खांबांवर उभी असते. काठी त्या दोन खांबांच्या मधून आरपार जाते आणि माणूस मात्र पेटीवर आदळतो. उभ्या ट्रकच्या मागून बाहेर आलेल्या लोखंडी सळया, बाहेर उघडणारी खिडकीची झडप, दुकानाच्या छपराची पत्र्याची कड, या सर्वांची तीच गत. हे काही एकट्या बेंगळुरूचे वैशिष्ट्य नव्हे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, कोणत्याही गावी हीच यादी थोड्याफार फरकाने देता येईल. आमच्या सहकाऱ्यांच्या कपाळावर लहानमोठ्या तीन खुणा आहेत. "साहेब, पायाला लागले तर चूक माझ्या काठीची, डोक्याला लागले तर ती गावाची," असे ते हसत म्हणतात. परंतु पुढे गंभीर होऊन ते सांगतात की, डोक्याला बसलेल्या एका फटक्याने माणूस आठ-आठ दिवस एकट्याने बाहेर पडावयास कचरतो. जखम भरते, भय मात्र मागे राहते. या यंत्राची खरी लढाई त्या भयाशी आहे.

मग काठी जेथे पोचत नाही, तेथे काय पोचेल? याचे उत्तर निसर्गात वटवाघळाने केव्हाच देऊन ठेवले होते; ते समजून घेण्यास मनुष्याला मात्र दीडशे वर्षे लागली. १७९३ च्या सुमारास इटलीतील स्पालान्झानी या शास्त्रज्ञाला आढळले की, दृष्टी नाहीशी झाली तरी वटवाघूळ अडथळ्यांमधून सफाईने उडते. जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी त्याचे कान बंद करून पाहिले, तेव्हा ते धडकू लागले. कानाने 'पाहणे' ही कल्पनाच त्या काळी हास्यास्पद वाटली. १९३८ साली हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन यांनी, मानवी कानास ऐकू न येणारे ध्वनी टिपणाऱ्या एका यंत्रापुढे वटवाघळे धरली, तेव्हा कुठे कोडे उलगडू लागले. वटवाघूळ अतिशय उच्च कंपनांचा आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मार्ग काढते.

गंमत अशी की, अंध माणसेही थोड्याफार प्रमाणात हेच करीत असतात. भिंत जवळ आली की चेहऱ्याला तिचा स्पर्श जाणवतो, असे पुष्कळ अंध व्यक्ती सांगत. १९४४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सुपा, कोट्झिन आणि डालेनबाख यांनी याची परीक्षा घेतली. त्यांतले सुपा हे स्वतः अंध होते. अंध व्यक्तींना आणि डोळे बांधलेल्या डोळसांना त्यांनी एका मोठ्या दालनात भिंतीकडे चालावयास लावले. चेहरा झाकला तरी भिंत ओळखता येई. परंतु कान घट्ट बंद केले की परीक्षार्थी भिंतीवर जाऊन आदळे. चेहऱ्याला जाणवते असे ज्याला वाटत होते, ते वस्तुतः कानाला जाणवत होते. या प्रयोगातील एक गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तिची गरज लागणार आहे. अंध माणसाचा कान ही मोकळी, रिकामी जागा नव्हे. तो त्याचा कामावर असलेला पहारेकरी आहे.

युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक साधने लहान होऊ लागली, तशी ही विद्या माणसाच्या हाती देण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेस्ली के यांनी हातात धरावयाची 'ध्वनीची विजेरी' तयार केली. पुढे न्यूझीलंडमध्ये त्यांनी तेच तत्त्व चष्म्यात बसविले. त्याच दशकात अमेरिकेत लिंडसे रसेल यांनी छातीवर टांगावयाची एक पेटी बनविली. हात मोकळा ठेवून अंगावर वागविता येईल अशा अडथळासूचकांचा आपण ज्याला मूळ पुरुष म्हणू, तो हाच. ही यंत्रे बुद्धिमान होती. परंतु महाग होती, आणि त्यांतली काही कानात इतके आवाज ओतत की, रस्त्याचे स्वतःचे बोलणे ऐकू येईनासे होई.

आपल्या देशात या कामाचे दोन प्रयत्न उल्लेखनीय आहेत. पहिला याच बेंगळुरूतला. २०११ मध्ये येथील एचपी कंपनीच्या संशोधनशाळेत काम करणाऱ्या अनिरुद्ध शर्मा या तरुणाने एक बूट तयार केला. बुटात कंप पावणाऱ्या लहान मोटारी आणि पुढच्या बाजूस अडथळा ओळखणारा सेन्सर. खिशातल्या मोबाईलमधला नकाशा बुटाशी बिनतारी बोले, आणि डावीकडे वळावयाचे असेल तर डाव्या बाजूस, उजवीकडे असेल तर उजव्या बाजूस पायाला हलकासा कंप जाणवे. 'ले चल' असे त्या बुटाचे हिंदी नाव. पुढे क्रिस्पियन लॉरेन्स यांच्यासह ते काम हैदराबादेत कंपनीच्या रूपाने उभे राहिले. बाजारात आलेल्या पादत्राणाचा मुख्य भर मात्र दिशा दाखविण्यावर राहिला, आणि त्यासोबत हातातली काठी चालू ठेवावी, असेच सांगण्यात आले.

दुसरा प्रयत्न दिल्लीच्या आयआयटीतला. २००५ साली प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली रोहन पॉल आणि त्यांच्या सोबतच्या विद्यार्थ्यांनी तो हाती घेतला. त्यांनी काठीला पर्याय न शोधता काठीच्याच मुठीवर बसेल असे उपकरण केले. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीतला अडथळा, सुमारे तीन मीटर अंतरावरून, ते मुठीच्या कंपाने सांगते. 'स्मार्टकेन' या नावाने ते २०१४ साली बाजारात आले. तेव्हा त्याची किंमत सुमारे तीन हजार रुपये होती. ते बनविण्याचे काम चेन्नईच्या एका कारखान्याने उचलले, आणि 'सक्षम' या संस्थेने अंध वापरणाऱ्यांशी त्याची गाठ घालून दिली. विद्यार्थ्यांचा पहिला नमुना आणि बाजारातले उपकरण यांच्यामध्ये नऊ वर्षे गेली. ही नऊ वर्षे कशात गेली असतील, हाच माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

कारण पहिला नमुना करणे आज अवघड राहिलेले नाही. बेंगळुरूच्या सादर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सारे गाव एस. पी. रोड म्हणते, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. अभियांत्रिकीचा कोणताही विद्यार्थी तेथून शंभर-दीडशे रुपयांत श्राव्यातीत ध्वनीचा सेन्सर घेऊन येतो. दोन गोल डोळ्यांसारखा तो दिसतो. त्यांतला एक बोलतो, दुसरा ऐकतो. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो; हा चाळीस हजार कंपनांचा आवाज काढतो. आमच्या जुन्या योगमार्गी मंडळींनी अनाहत नाद म्हटला तो निराळा. पण न ऐकू येणारा नाद म्हणून मला त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे समोर तीन मीटरवर भिंत असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटरचा प्रवास तो सेकंदाच्या सत्तावन्नाव्या भागात उरकतो. आर्डुइनो नावाची एक लहानशी संगणक-पाटी हा काळ मोजते, त्यावरून अंतर काढते, आणि अंतर कमी असेल तर मोबाईलमध्ये असते तशी चिमुकली मोटार थरथरविते. विजेरी घट, दोन-चार तारा, मनगटाला किंवा छातीला बांधावयाचा पट्टा, आणि यंत्र तयार.

हिशेबही मोठा आशादायक दिसतो. माणूस सावकाश चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे एक मीटर जातो. काठीने अडथळा कळला, तर थांबावयास त्याला एक सेकंद मिळतो. तीन मीटरवरून कळला, तर तीन सेकंद मिळतात. काठीच्या टोकापलीकडे सुमारे तीन पावलांची ही जास्तीची सवलत. डोळसाला तिचे मोल वाटणार नाही. त्याला तर क्षितिजापर्यंतची सवलत जन्मतःच मिळालेली असते. पण जिचे कपाळ फांदीला लागावयाचे आहे, त्या व्यक्तीला तीन पावले पुष्कळ झाली.

अडचणी येतात त्या यंत्र अंगावर चढल्यावर. ध्वनीच्या या लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटर. तिच्या दृष्टीने गुळगुळीत भिंत हा आरसाच. सरळ समोरून गेलात तर प्रतिध्वनी नेमका परत येतो. तिरपे गेलात तर तो भलतीकडेच निघून जातो, आणि भिंत असून यंत्र म्हणते रस्ता मोकळा आहे. लोंबणारा जाड पडदा किंवा लोकरी शाल आवाज पिऊन टाकते. बारीक तारेवरून परत येणारा ध्वनी इतका क्षीण की, खांबाचा ताण पुष्कळदा निसटतो. ध्वनीऐवजी अवरक्त प्रकाशाचा सेन्सर घेतला, तर काचेच्या दारातून तो आरपार पाहतो आणि भर उन्हात गोंधळतो. शिवाय हा ध्वनी सुमारे पंधरा अंशांच्या शंकूसारखा पसरतो. दोन मीटरवर त्याची रुंदी अर्ध्या मीटरच्या आसपास. म्हणजे एका सेन्सरने खांदे काही राखले जात नाहीत. दोन-तीन सेन्सर लावावेत, तर एकाचा प्रतिध्वनी दुसरा आपला समजतो. म्हणून त्यांना पाळीपाळीने बोलावयास लावावे लागते. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की, समोर पाहणारा सेन्सर खड्डा पाहत नाही. उघडी गटार म्हणजे काही नसणे. आणि जे नाही त्याचा प्रतिध्वनी कसा येणार? म्हणून काठी सोडून हे यंत्र वापरा, असे जो सांगेल, त्याने बेंगळुरूचा पावसाळा पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

आता परीक्षेकडे वळू. आमच्या कार्यालयाच्या इमारतीत लांबलचक व्हरांडे आहेत. एकदा एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, त्यांनी बनविलेला छातीवरचा पट्टा तपासण्यासाठी सुटीच्या दिवशी ते व्हरांडे वापरू द्यावेत, अशी विनंती घेऊन आले. मुले गुणी होती. परवानगी मिळाली आणि मी पाहावयास थांबलो. त्यांनी खुर्च्या मांडल्या, आपल्यातल्याच एकाचे डोळे बांधले, आणि त्याला चालविले. पट्ट्याशिवाय तो सहा खुर्च्यांना धडकला, पट्ट्यासह एकीला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आमचे सहकारी शेजारी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "बाळांनो, तुम्ही डोळे बांधलात त्याने अंध झाला नाहीत, तुम्ही नुसते घाबरलेले डोळस झालात. काठी तुमच्या हातात नाही, कान तुमचे शिकलेले नाहीत. तुमच्यापेक्षा यंत्र हुशार ठरेल, यात नवल ते काय?"

हे बोलणे त्या मुलांनी मनावर घेतले, याचे मला फार कौतुक वाटले. त्यांनी पट्टा सहकाऱ्यांच्या छातीवर बांधला, काठी त्यांच्या हातात राहू दिली, आणि तुलना बदलली. प्रश्न असा झाला की, नुसत्या काठीने चालताना आणि काठीसह पट्ट्याने चालताना फरक काय पडतो? खुर्च्या आता कामाच्या राहिल्या नाहीत. त्या काठीलाच कळत होत्या. म्हणून मुलांनी दोरीला पुठ्ठ्याची खोकी बांधून ती कपाळाच्या उंचीवर लोंबत ठेवली. पट्ट्याने ती खोकी बहुतेक वेळा ओळखली. पण पट्ट्याने आणखीही पुष्कळ काही ओळखले: बाजूने जाणारा शिपाई, उघडे कपाट, आणि खुद्द सहकाऱ्यांचा काठी फिरविणारा हात. पंधरा मिनिटांत मोटार इतक्यांदा थरथरली की, ते म्हणाले, "साहेब, हे यंत्र समोर काहीतरी आहे एवढेच सांगते. काहीतरी तर नेहमीच असते. मॅजेस्टिकच्या बस स्थानकावर हे एकदा सुरू झाले की घरी पोचेपर्यंत थांबायचे नाही. जो पहारेकरी रात्रभर ओरडतो, त्याचे ऐकून कोण उठतो?"

श्रोतेहो, यंत्राच्या परीक्षेचे सारे शास्त्र मला या एका वाक्यात सापडले. यंत्र किती वेळा बरोबर बोलले, एवढेच मोजून भागत नाही. ते उगीच किती वेळा बोलले, हेही मोजावे लागते. एकसारखा कंप त्वचेला काही वेळात जाणवेनासा होतो. म्हणून अंतराप्रमाणे ठोक्यांची लय बदलली पाहिजे, आणि वाट मोकळी असता यंत्राला गप्प बसता आले पाहिजे. सूचना कानातून न देता त्वचेतून द्यावी, हे तर कॉर्नेलच्या प्रयोगानेच आपल्याला शिकविले आहे. पहारेकऱ्याच्या कानात बोळा घालून त्याच्या हाती भोंगा देणे शहाणपणाचे नव्हे.

आणखीही काही गोष्टी प्रयोगशाळेच्या वहीत येत नाहीत. त्या वापरणाऱ्यालाच सुचतात. छातीवरचा सेन्सर पुरुषाच्या सदऱ्यावर नीट बसतो. बाईने पदर सावरला की तोच पदर सेन्सरसमोर येतो आणि यंत्र तिच्याच पदराला अडथळा म्हणू लागते. पावसात छत्री पुढे झुकविली की तीच गोष्ट. बटण बोटाला सापडणारे हवे. घट संपत आल्याचे दिव्याने नव्हे तर स्पर्शाने कळले पाहिजे. चार्जिंगची तार सुलटी-उलटी कशीही बसली पाहिजे. घाम आणि धूळ सोसली पाहिजे. जन्मांध व्यक्तीची चाल आणि पन्नाशीत दृष्टी गेलेल्या व्यक्तीची चाल सारखी नसते. म्हणून दोघांकडूनही परीक्षा घ्यावयास हवी, आणि ती एक दिवसाची नव्हे तर काही आठवड्यांची हवी. कारण नव्या वस्तूचे कौतुक पहिल्या दिवशी सर्वांनाच असते. महिनाभराने ती वस्तू अंगावर आहे की कपाटात, हा खरा निकाल. दिल्लीच्या काठीला नऊ वर्षे लागली ती उगीच नव्हेत.

येथे माझ्या स्वतःच्या पेशाचा संबंध येतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्या सुमारे पन्नास लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या बहुसंख्यांना असे उपकरण मिळावयाचे, तर ते स्वतःच्या खिशातून नव्हे, सरकारी अथवा धर्मादाय खरेदीतून मिळावयाचे. अपंग व्यक्तींना साहाय्यक साधने देणारी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. अशा खरेदीत आम्ही अधिकारी दर पाहतो, मुदत पाहतो, नगांची संख्या पाहतो. आणि नियमाप्रमाणे ते पाहिलेच पाहिजे. परंतु ज्या वस्तूचा उपयोग ती न दिसणाऱ्या माणसाने करावयाचा, तिची तपासणी केवळ दिसणाऱ्या माणसांनी टेबलावर करावी, हे न्यायाचे नाही. खरेदीच्या समितीत अंध सभासद असावा. नमुना काही आठवडे प्रत्यक्ष रस्त्यावर वापरून पाहिलेला असावा. वाटपाबरोबर वापर शिकविणारा शिक्षक असावा. आणि बिघडले तर दुरुस्त करणारे ठिकाण जिल्ह्याच्या गावी असावे. या चार अटींनी किंमत थोडी वाढेल. परंतु कपाटात पडून राहणाऱ्या स्वस्त यंत्राइतके महाग दुसरे काहीही नसते. समारंभातल्या छायाचित्रात ते दिसते, आणि त्यानंतर कोणालाच दिसत नाही.

आणि एवढे करूनही अर्धे काम उरतेच. अडथळा ओळखणारे यंत्र करणे हा एक मार्ग. अडथळाच न ठेवणे हा दुसरा. जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६७ साली ओकायामा येथे पायाला कळणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा रस्त्याला बसविल्या. त्यांत ना घट, ना तारा. आज बेंगळुरूच्या मेट्रोच्या स्थानकांत त्या पिवळ्या फरशा आहेत, आणि आमचे सहकारी त्यांवरून आमच्यापेक्षा भरभर चालतात. शहराच्या मध्यभागी काही रस्त्यांवर नव्या पद्धतीचे रुंद, सलग फुटपाथ झाले आहेत. तेथे तर काठीला फारसे कामच उरत नाही. मात्र इतरत्र त्याच पिवळ्या फरशा झाडाच्या बुंध्यात नाहीतर रोहित्राच्या पेटीत नेऊन सोडलेल्या आढळतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सुगम्यता हा अधिकार मानला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्वतः दृष्टिबाधित असलेल्या राजीव रातुरी यांच्या खटल्यात, सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, त्यांतला किमान भाग सक्तीचा असला पाहिजे, असा निर्णय दिला. म्हणजे फांदी छाटणे ही आता दया राहिलेली नाही. ते कर्तव्य आहे.

विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज बालपणीच दृष्टीला मुकले. १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. अंतर्दृष्टीचे असे दाखले आपण आदराने सांगतो, आणि ते सांगावेतच. परंतु त्या आदरात एक धोका आहे. प्रज्ञेचे डोळे असलेल्या माणसालाही सकाळी दूध आणावयास कोपऱ्यापर्यंत जावे लागते, हे आपण विसरतो. अंध माणसाला थोरपण देणे सोपे आहे. त्याला कोपऱ्यापर्यंतचा मोकळा रस्ता देणे अवघड आहे. आणि सर्वसाधारण अंध माणूस आपल्याकडे थोरपण मागत नाही. तो तो रस्ता मागतो.

त्या विद्यार्थ्यांचा पट्टा पुढे बराच बदलला. छातीवरून तो काठीच्या मुठीजवळ आला. काठी फिरविणारा हात आता त्याच्या आड येत नाही. समोरचा माणूस आणि समोरची फांदी यांतला भेद त्याला अजून नीट कळत नाही. त्यासाठी कॅमेरा आणि शिकविलेला संगणक लागेल, आणि त्या दिशेनेही या शहरात व बाहेर पुष्कळ हात कामाला लागले आहेत. आमचे सहकारी त्या मुलांचे परीक्षक झाले आहेत. ते मुलांना गुण देत नाहीत. दर खेपेला एक नवी तक्रार देतात. मुले ती लिहून घेतात. ज्ञान आणि गरज यांची अशी गाठ पडते, तेव्हाच यंत्र खऱ्या अर्थाने तयार होऊ लागते.

आपण श्रोत्यांनी यात काय करावयाचे? सेन्सर आपल्यापैकी सर्वांना बनविता येणार नाही. पण रस्त्यात पांढरी काठी दिसली, तर न विचारता त्या माणसाचा दंड धरून ओढू नये, "आपल्याला मदत हवी आहे का?" असे आधी विचारावे, आणि हवी असेल तर आपला कोपर पुढे करावा. आपल्या दाराशी फुटपाथवर झुकलेली फांदी असेल, तर महानगरपालिकेला एक पत्र लिहावे. आणि आज संध्याकाळी घरी आल्यावर आपली स्कूटर फुटपाथवर न लावता बाजूला लावावी. तेवढी एक स्कूटर कोणत्याही यंत्राला ओळखावी लागणार नाही.